ऑक्सिजन प्लांट भंगारात काढण्याआधी : जिल्हा प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
आणि जिल्हा नियोजन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : उपजिल्हा रुग्णालयातील पीएसए ऑक्सिजन प्लांटच्या निर्लेखनाचा प्रस्ताव थांबवून प्लांट पुन्हा सुरू करण्याबाबत.

महोदय,

आमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयामागे मिनिटाला 500 लिटर क्षमतेचा, हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करणारा पीएसए प्लांट उभा आहे. तो वापरास अयोग्य ठरवून निर्लेखित करावा, असा प्रस्ताव आपल्याकडे आला असल्याचे कळले म्हणून माहितीच्या अधिकारात टिपणीची प्रत मिळवली. त्यात कारण एका ओळीत दिले आहे : प्लांटमधून अपेक्षित शुद्धतेचा ऑक्सिजन मिळत नाही. का मिळत नाही, यावर टिपणीत एक शब्द नाही. पुढच्याच परिच्छेदात जंबो, म्हणजे मोठ्या, ऑक्सिजन सिलिंडरच्या दरकरारास मुदतवाढ मागितली आहे.

जे कारण टिपणीत लिहिलेले नाही ते मी इथे लिहितो. आपल्याकडे अर्ज दिला आहेच. पण हा प्लांट लोकांचा आहे, म्हणून हे पत्र लोकांसमोरही ठेवतो आहे.

मी प्लांट ऑपरेटर. एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत नायट्रोजनच्या पीएसए प्लांटवर आयुष्य गेले, शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. हवेतून नायट्रोजन वेगळा करणारा तो प्लांट आणि हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा रुग्णालयाचा प्लांट एकाच जातीचे आहेत. हवा दाबणारा तोच कॉम्प्रेसर, हवा कोरडी करणारा तोच ड्रायर, तसेच दोन टॉवर. फरक टॉवरच्या पोटातल्या चाळणीत. आम्ही तिला सिव्ह म्हणतो.

एप्रिल 2021 मध्ये माझा धाकटा भाऊ याच रुग्णालयात दाखल होता. त्या रात्री सिलिंडरची गाडी आली नाही. आम्ही पाच-सहा नातेवाईक फोन लावत राहिलो, शेजारच्या दोन तालुक्यांत माणसे पाठवली. सिलिंडर पहाटे मिळाला, तोवर भाऊ गेला होता. डॉक्टरांना किंवा नर्सताईंना मी तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. त्यांच्या हातात देण्यासारखे काही नव्हते. पुढे प्लांट मंजूर झाला, तेव्हा शेडच्या आणि पाइपलाइनच्या कामाला गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. प्लांट सुरू होताना मी आपणहून मदतीला होतो. शुद्धतेच्या मीटरवर 93 टक्के दिसले तेव्हा तिथे उभ्या असलेल्या बऱ्याच जणांचे डोळे भरून आले होते. म्हणून त्या एका ओळीच्या कारणावर मला गप्प बसता येत नाही.

त्या वर्षी काय चालले होते ते आपल्या फायलींमध्ये असेलच, तरी लोकांसाठी थोडे लिहितो. राज्यात रोज साधारण 1,200 टन ऑक्सिजन तयार होत होता आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. 19 एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले. ती देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. तिथल्या पोलाद कारखान्यातून भरलेले टँकर नागपूर आणि नाशिकला पोचायला 23-24 तारीख उजाडली. दरम्यान 21 एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि किमान 22 रुग्ण दगावले. लांबून आणलेल्या आणि एकाच टाकीत साठवलेल्या ऑक्सिजनवर रुग्णालय अवलंबून असले की काय होते, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले. उलट नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी दुसरी लाट येण्याआधीच रुग्णालयांत प्लांट बसवून घेतले होते. तो जिल्हा त्यामुळे सावरला, आणि ती गोष्ट देशभर सांगितली गेली.

यानंतर देश हलला. पीएम केअर्समधून 1,224 पीएसए प्लांट मंजूर झाले. ऑक्टोबर 2021 पर्यंत त्यांतले 1,100 हून अधिक सुरू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. प्रत्येक प्लांटवर सेन्सर बसवून तो कसा चालतो हे एका पोर्टलवर सतत दिसत राहील, आणि प्लांट चालवायला 7,000 हून अधिक माणसे शिकवून तयार केली आहेत, असेही तेव्हाच सांगितले होते. राज्याने मे 2021 मध्ये मिशन ऑक्सिजन स्वावलंबन जाहीर केले आणि रोज 3,000 टनांचे उद्दिष्ट ठेवले. आमचा प्लांट त्याच लाटेतला, जिल्हा नियोजनच्या निधीतून आलेला. हे सगळे तेव्हा मनापासून केले गेले, याबद्दल मला शंका नाही. माझे म्हणणे त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे.

आधी त्या टॉवरमध्ये काय असते ते सांगू द्या. ते कळल्याशिवाय प्लांटचे काय बिघडले ते कळणार नाही.

हवेत 78 टक्के नायट्रोजन, 21 टक्के ऑक्सिजन आणि एका टक्क्याला किंचित कमी आर्गॉन असतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे रेणू आकाराने जवळजवळ सारखे आहेत. त्यांच्या व्यासांत मिलिमीटरच्या साडेपाच कोटीव्या भागाइतका फरक असेल. उकळबिंदूही जवळजवळ : नायट्रोजनचा उणे 196 अंश, ऑक्सिजनचा उणे 183. मोठे कारखाने हवा इतकी थंड करतात की ती द्रवरूप होते, मग उंच मनोऱ्यात या 13 अंशांच्या फरकावर दोन्ही वायू वेगळे करतात. पोलाद कारखान्याच्या प्रमाणावर ते परवडते. तालुक्याच्या रुग्णालयामागे उणे 180 अंशांचा कारखाना उभा करता येत नाही.

त्यासाठी ही चाळणी. झिओलाइट म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक, आणि त्याच्या आत रेणूच्या मापाची भोके. अशा भोकांच्या भिंतींवर सोडियमचे किंवा लिथियमचे विद्युतभारित अणू बसलेले असतात. नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोघेही या भोकांत सहज शिरतात, आकारावरून तिथे कोणी अडत नाही. पण नायट्रोजनच्या रेणूतला विद्युतभार ऑक्सिजनपेक्षा जास्त असमान वाटलेला असतो, म्हणून ते अणू नायट्रोजनला ओढून धरतात. दाब दिला की नायट्रोजन चिकटतो आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब काढला की नायट्रोजन सुटतो आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतो. एक टॉवर ऑक्सिजन देत असताना दुसरा मोकळा होत असतो. पीएसए, म्हणजे प्रेशर स्विंग ॲडसॉर्प्शन, म्हणतात ते हेच. आर्गॉनची वागणूक ऑक्सिजनसारखी असल्याने तो ऑक्सिजनबरोबर पुढे जातो, म्हणून या प्लांटचा ऑक्सिजन 95 टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. तो दोष नव्हे. 93 टक्के, त्यात तीन कमी-जास्त, ही शुद्धता जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णांसाठी मान्य केलेली आहे.

निव्वळ दाबाच्या चढउतारावर दोन सारखे वायू वेगळे होतात. काही वितळवायचे नाही, उकळवायचे नाही, गोठवायचे नाही. 1960 मध्ये चार्ल्स स्कार्स्ट्रॉम यांना या पद्धतीचे पेटंट मिळाले, तेव्हापासून ती जगभर वापरात आहे. तेजस विमानाच्या वैमानिकाला आकाशात प्राणवायू देण्यासाठी डीआरडीओने जे तंत्र विकसित केले तेही हेच, आणि 2021 मध्ये मिनिटाला 1,000 लिटरचे रुग्णालयांचे प्लांट त्याच्यावरून घडवले गेले. माझ्या स्वतःच्या कामाशी सर्वांत जवळची गोष्ट आयआयटी मुंबईची. एप्रिल 2021 मध्ये प्रा. मिलिंद अत्रे यांच्या पुढाकाराने तिथे कारखान्यातल्या नायट्रोजन प्लांटमधली कार्बनची चाळणी काढून झिओलाइट भरले, आणि त्याच यंत्रातून साडेतीन वातावरण दाबाने 93 ते 96 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळाला. यंत्र तेच राहिले, चाळणी बदलली आणि वायू बदलला. प्लांटचा जीव चाळणीत असतो हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

आणि या चाळणीचा एक शत्रू आहे : पाणी. झिओलाइटला नायट्रोजनची जितकी ओढ, त्याच्या कितीतरी पट पाण्याची. ज्या भोकात नायट्रोजन बसायचा तिथे पाण्याचा रेणू जाऊन बसला की दाब काढल्याने तो सुटत नाही. तीनशे अंशांच्या आसपास तापवावे लागते, आणि ते रुग्णालयाच्या आवारात होत नाही. पावसाळ्यात उघडी राहिलेली मिठाची बरणी सगळ्यांनी पाहिली आहे. इथे तसेच होते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात 500 लिटरच्या प्लांटचा कॉम्प्रेसर जी हवा ओढतो, तिच्याबरोबर तासाला सात-आठ लिटर पाणी आत येते. ते सगळे कूलर, ड्रायर आणि फिल्टर यांनी टॉवरच्या आधीच काढून टाकायचे असते. ड्रायर नीट चालला तर चाळणी दहा वर्षेही टिकते. ड्रायर बंद पडून प्लांट तसाच चालवला, तर एका हंगामात ती संपते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही की प्लांट बंद ठेवला गेला. लाट ओसरल्यावर तो राखीव म्हणून ठेवला, आणि राखीवचा अर्थ कुलूप असा झाला. देशभरात 27 डिसेंबर 2022 ला आणि पुन्हा एप्रिल 2023 मध्ये कोविडच्या तयारीच्या सराव चाचण्या झाल्या. तेव्हा आमचा प्लांट तासाभरासाठी सुरू केला, आकडा लिहिला, फोटो काढला आणि पुन्हा कुलूप लावले. पीएसए प्लांट असा बंद करायचा नसतो. बंद करण्याआधी कोरडी हवा देऊन टॉवर कोरडे करायचे, आतबाहेरचे वाल्व्ह पक्के बंद करायचे, आत थोडा दाब ठेवायचा, म्हणजे बाहेरची दमट हवा शिरत नाही. याची पद्धत पुरवठादाराच्या पुस्तिकेत असते. आमच्या प्लांटची पुस्तिका कुठे आहे, हे रुग्णालयात कोणालाच सांगता आले नाही.

दुसरी तक्रार ड्रायरची. वैद्यकीय अधीक्षकांच्या परवानगीने मी गेल्या हिवाळ्यात प्लांट पाहिला. ड्रायरमधला थंडावा देणारा गॅस गेलेला, साचलेले पाणी आपोआप बाहेर सोडणारा ऑटो ड्रेन गाळाने चोंदलेला, आणि कोणीतरी बायपास उघडून ओली हवा सरळ टॉवरकडे दिलेली. सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरी भुकटी साचलेली होती. ती भुकटी म्हणजे चाळणीचे दाणे फुटून बाहेर पडत होते. मीटरवर 71 टक्के. कॉम्प्रेसर मात्र ठणठणीत, दाब पुरेपूर देत होता. वाल्व्ह वेळच्या वेळी फिरत होते. पॅनेल शाबूत होते. म्हणजे टिपणीत ज्याला प्लांट वापरास अयोग्य म्हटले आहे, त्यात दुरुस्त करायचे ते एवढेच : ड्रायर, फिल्टर आणि चाळणी. टॉवर, कॉम्प्रेसर, टाक्या, पाइपलाइन, शेड, वीजजोडणी हा सगळा मोठा खर्च आधीच झालेला आहे आणि तो जागेवर उभा आहे.

याच चाळणीसाठी मे 2021 मध्ये एअर इंडियाची विमाने रोमहून बंगळूरला झिओलाइट घेऊन येत होती, कारण देशात ते पुरेसे नव्हते. जी वस्तू विमानाने आणावी लागली, ती आपण ओल्या हवेत सोडून दिली. मला याचे फार वाईट वाटते.

तिसरी तक्रार माणसांबद्दल. प्लांट आला तेव्हा आयटीआय झालेली दोन मुले कंत्राटी पद्धतीने नेमली होती. हुशार मुले होती, दर दोन तासांनी नोंद ठेवायची. कंत्राट संपले, ती पुण्याला कारखान्यात गेली. तेव्हापासून प्लांटची किल्ली कधी वॉर्डबॉयकडे, कधी बाहेरून बोलावलेल्या वायरमनकडे असते. त्यांना दोष देता येत नाही, कारण त्यांना कोणी शिकवलेले नाही. शिकवून तयार केलेली माणसे आपण टिकवली नाहीत.

चौथी, देखभाल करार नाही. हमीची मुदत संपली त्या दिवसापासून प्लांटला वाली उरला नाही. रुग्णालय म्हणते विजेचे काम पाहणाऱ्या खात्याने बघावे, ते खाते म्हणते यंत्र वैद्यकीय आहे, पुरवठादार म्हणतो आधी करार करा. पत्रव्यवहाराची फाइल जाड झाली, ड्रायर दुरुस्त झाला नाही.

पाचवी तक्रार नोंदींची. किती तास चालला, शुद्धता किती, बंद का झाला, याची वही मला पहिल्या वर्षापुरतीच मिळाली. पुढची नाही. सेन्सर आणि पोर्टलच्या काळात एक साधी वही मिळू नये?

प्रस्तावाच्या बाजूने जे बोलले जाते त्याची दखल घेणे मला भाग आहे, कारण त्यात काही अंशी तथ्य आहे. रुग्णालयाला रोज लागणारा ऑक्सिजन आज थोडा आहे, आणि त्यासाठी एवढा प्लांट चालवला तर विजेचे बिल जड जाते. खरे आहे. अशा लहान प्लांटला एक घनमीटर ऑक्सिजनमागे एक युनिट किंवा त्याहून थोडी जास्त वीज लागते, आणि गरज नसताना दिवसभर चालवला तर ती वाया जाते. पण पूर्ण क्षमतेने हा प्लांट दिवसाला सुमारे 100 जंबो सिलिंडर इतका ऑक्सिजन देतो. रोजची गरज भागवायला तो दिवसातून थोडे तासच चालवावा लागेल. बूस्टर, म्हणजे ऑक्सिजनचा दाब वाढवणारा जादा कॉम्प्रेसर, जोडला तर त्याच वेळात सिलिंडरही भरता येतील, आणि ते तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना आणि रुग्णवाहिकांना देता येतील. आज तेच सिलिंडर बाहेरून, गाडीभाडे देऊन आणले जातात. बिलाचा हिशेब करायचा तर दोन्ही बाजूंचा करू या : विजेचे युनिट एकीकडे, सिलिंडरचा दर, वाहतूक, अनामत आणि घाट बंद पडल्यावर न येणारी गाडी दुसरीकडे. टिपणीत हा हिशेब नाही. फक्त वीजबिल आहे.

द्रव ऑक्सिजन आणि सिलिंडर काढून टाका, असे मी म्हणत नाही. ते हवेतच. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली तर मॅनिफोल्डवर, म्हणजे पाइपलाइनला सिलिंडर जोडतात त्या जागी, भरलेले सिलिंडर असलेच पाहिजेत. मागणी एवढीच आहे की एकाच वाटेवर अवलंबून राहू नये. ऑक्सिजन म्हणजे फक्त कोविड, हा समज तर मनातून काढून टाकावा. न्यूमोनिया झालेले मूल, अपुऱ्या दिवसांचे बाळ, बाळंतपणात रक्तस्राव झालेली बाई, साप चावलेला शेतमजूर, सिझेरियनचे टेबल, या सगळ्यांना तो रोज लागतो. आमच्या तालुक्याचे अर्धे पाडे डोंगरात आहेत. तिथून आलेल्या बाळाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचे म्हणजे घाट उतरेपर्यंत त्याला प्राणवायू पुरला पाहिजे.

एका अधिकाऱ्यांनी मला सांगितले की ही पद्धत आता जुनी झाली. मला ते अजिबात पटत नाही. 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळाले. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून भोकाभोकांचे स्फटिक बांधायचे, त्यांत हवा तो वायू पकडायचा, हे त्यांचे काम. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही अशा पदार्थांवर संशोधन चालते. प्रोपेन आणि प्रोपिलीन या वायूंचे उकळबिंदू पाच-सहा अंशांच्या फरकाचे आहेत. ते वेगळे करायला पेट्रोकेमिकल कारखान्यांत शंभराहून जास्त ताटांचे उंच मनोरे अहोरात्र तापवावे लागतात, आणि ती ऊर्जा वाचवण्यासाठी जगभरचे संशोधक सच्छिद्र पदार्थांमागे लागले आहेत. उष्णतेऐवजी चाळणीने वायू वेगळे करणे हीच येणाऱ्या काळाची दिशा आहे. आपल्याकडे त्या दिशेचे एक चालते यंत्र रुग्णालयामागे उभे होते.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. निसर्गात तयार झालेले झिओलाइट आपल्या पायाखाली आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत, पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींत स्टिलबाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट यांचे असे देखणे स्फटिक सापडतात की जगभरच्या संग्रहालयांत ते महाराष्ट्राच्या नावाने ठेवलेले आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात शाळेच्या सहली जातात. प्लांटमधले झिओलाइट कारखान्यात घडवलेले असते, दगडातले तिथे चालत नाही, हे मला माहीत आहे. पण जी मुले ते स्फटिक काचेआड पाहून येतात, त्यांना आपल्याच तालुक्यातला प्लांट दाखवून असाच पदार्थ माणसाचा श्वास कसा चालवतो हे शिकवता आले असते. आयटीआयच्या मुलांसाठी तर ती प्रयोगशाळाच झाली असती.

आपल्याकडे मागण्या पुढीलप्रमाणे.

निर्लेखनाच्या प्रस्तावावर तात्काळ स्थगिती द्यावी. प्लांटची तपासणी पुरवठादार आणि रुग्णालय या दोघांशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून करून घ्यावी. दोन्ही टॉवरमधल्या चाळणीचे वरचे आणि खालचे नमुने काढून त्यातले पाणी मोजावे, आणि अहवाल लोकांना वाचायला मिळावा. जवळच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाला हे काम सहज जमेल.

चाळणी भिजल्याचे सिद्ध झाले, आणि माझी खात्री आहे की होईल, तर नवा प्लांट घेऊ नये आणि जुना मोडीतही काढू नये. चाळणी, तिच्याखालचा ॲल्युमिनाचा थर, फिल्टर आणि ड्रायर बदलावेत. चाळणी शेकडो किलो लागते, पण तिचा खर्च नव्या प्लांटच्या किमतीच्या लहान हिश्श्यात बसतो. जिल्हा नियोजन समितीने यासाठी याच आर्थिक वर्षात तरतूद करावी, आणि चाळणी भरण्याआधी ड्रायर दुरुस्त झालेला असावा. क्रम उलटला तर नवी चाळणीही जाईल.

आयटीआय झालेले दोन ऑपरेटर प्लांटसाठी नेमावेत, आणि ते दर वर्षी बदलणाऱ्या कंत्राटावर नसावेत. त्यांच्याकडे दुसरी कामे दिली तरी हरकत नाही, पण प्लांटची जबाबदारी त्यांच्या नावावर असावी.

सर्वसमावेशक देखभाल करार करावा. त्यात ड्रायर आणि चाळणी स्पष्ट शब्दांत लिहावी, कारण बहुतेक करारांत याच दोन वस्तू वगळलेल्या असतात. प्लांट बंद राहिल्यास पुरवठादाराला दिवसागणिक दंड असावा.

प्लांट रोज ठरलेल्या वेळी चालवावा, निदान पावसाळ्यात एकही दिवस खंड पडू नये. बूस्टर बसवून आरोग्य केंद्रांचे सिलिंडर इथेच भरण्याची शक्यता तपासावी.

चाललेले तास, शुद्धता, दाब आणि ड्रायरनंतरच्या हवेचा दवबिंदू, या चार नोंदी रोज रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लिहाव्यात आणि महिन्याच्या शेवटी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकाव्यात. दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलीचे ज्या तापमानाला पाणी होऊ लागते ते तापमान, मुद्दाम मागतो आहे. शुद्धता घसरलेली दिसते तेव्हा नुकसान झालेले असते, दवबिंदू त्याच्या आधी सांगतो.

आणि जिल्ह्यातल्या बाकीच्या सर्व पीएसए प्लांटची हीच तपासणी एकाच वेळी व्हावी. आमच्या तालुक्यात जे झाले ते फक्त इथेच झाले असेल, असे मानायला मला कारण दिसत नाही.

एमआयडीसीत माझ्याबरोबर काम केलेले, आता निवृत्त असलेले अनेक ऑपरेटर आणि फिटर आजूबाजूच्या गावांत राहतात. मी त्यांच्याशी बोललो आहे. ऑपरेटर नेमले जाईपर्यंत पाळ्या लावून प्लांटवर देखरेख करायला आणि नव्या मुलांना शिकवायला ते विनामोबदला तयार आहेत. नावांची यादी अर्जासोबत जोडली आहे. आम्हाला फक्त लेखी परवानगी हवी.

निर्लेखन समितीची बैठक पुढच्या महिन्यात असल्याचे समजते. त्या बैठकीआधी या पत्राला लेखी उत्तर मिळावे आणि बैठकीत माझे म्हणणे प्रत्यक्ष मांडायला मला वेळ मिळावा, ही विनंती. बोलावल्यास मी प्लांटवरही येईन आणि टॉवर उघडून चाळणी समितीच्या हातात देईन.

आपला नम्र,
तालुक्यातील एक निवृत्त प्लांट ऑपरेटर
(नाव, पत्ता व सही मूळ अर्जावर)